एसी बंद, हीटर चालू!

मे महिना, दुपारचे साडेबारा, लालबागच्या फ्लायओव्हरखालचा सिग्नल. डिकीत पाच किलो ताजा कुटलेला मसाला, मागच्या सीटवर आई आणि मी गाडीचा हीटर लावून बसलेय. फुल्ल! आई पदराने वारा घेत विचारतेय, "अगं, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

डोकं होतं. टेंपरेचरचा काटा नव्हता.

हीटर म्हणजे इंजिनाभोवती फिरणाऱ्या गरम पाण्याची उष्णता ओढून केबिनमध्ये सोडणारा छोटा रेडिएटरच. काटा लाल रेषेकडे निघाला की एसी बंद, हीटर फुल्ल, खिडक्या खाली आणि जागा मिळताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद. नंतर बॉनेट उघडा, पण रेडिएटरच्या झाकणाला इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. आतलं पाणी प्रेशरखाली असतं, झाकण फिरवलंत तर थेट तोंडावर.

गाडी बाबांची. २००९ ची छोटी हॅचबॅक, १ लाख ४३ हजार किलोमीटर पळालेली. २०२४ मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा ताडदेव आरटीओत रजिस्ट्रेशन रिन्यू केलं, ५ हजार फी आणि वर ग्रीन टॅक्स. (दिल्लीसारखी पंधरा वर्षांनी पेट्रोल गाडी घरी बसवायची सक्ती आपल्याकडे खासगी गाड्यांना नाही.) ऑफिसातली मंडळी म्हणतात, "ईएमआयवर नवी घेऊन टाक ना यार!" पण घरचा ईएमआय आधीच चालू आहे. शिवाय बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आठवड्यातून दोनदा गिरगावहून परळला फिजिओथेरपी असते, आणि टॅक्सीत वाकून बसणं त्यांना जमत नाही. या गाडीची सीट त्यांच्या पाठीच्या आकाराची झालीय.

मसाला प्रकरणानंतर गाडी एका चकाचक वर्कशॉपमध्ये नेली. काचेची केबिन, फुकट कॉफी, दहा मिनिटांत प्रिंटआउट. हेड गॅस्केट, रेडिएटर, वॉटर पंप मिळून ३४ हजार. बाबांनी एस्टिमेट वाचलं, चष्मा काढला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "भंगारवाल्याला फोन कर." जेवतानाही काही बोलले नाहीत.

मी फोन केला, पण परळच्या एका गल्लीतल्या मेकॅनिकमामांना. हा माणूस पद्मिनी टॅक्सींवर काम शिकलेला. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवलाच रजिस्टर झाली आणि वीस वर्षांच्या नियमाने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली. मामा मात्र अजून आहेत. बॉनेटला हात न लावता त्यांनी विचारलं,

"कुठे गरम होते?"

"इंजिन," मी म्हटलं.

"इंजिन कळलं हो ताई. रस्त्यावर कुठे?"

हा प्रश्न काचेच्या केबिनमध्ये कुणी विचारलाच नव्हता! मग मी आठवू लागले. सकाळी मरीन ड्राइव्हवरून कोस्टल रोडने वरळी, तिथून लोअर परळ. काटा अर्ध्यावर गपगार. संध्याकाळी लालबागला, करी रोडला, भायखळ्याच्या सिग्नलला, जिथे जिथे गाडी मुंगीसारखी सरकते तिथे काटा वर. पुन्हा थोडं मोकळं मिळालं की खाली.

"मग गॅस्केट नंतर बघू," मामा म्हणाले.

लॉजिक सोपं आहे. गाडी साठने पळते तेव्हा समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो. गाडी उभी असते तेव्हा ते काम पंख्याचं. फक्त उभ्या गाडीत गरम होत असेल तर संशय पंख्यावर. हायवेवरही गरम होत असेल तर पाणी नीट फिरत नाही, म्हणजे रेडिएटर तुंबलाय, पंप गेलाय किंवा थर्मोस्टॅट अडकलाय. तरी मामांनी गॅस्केटची खात्री करून घेतलीच. ऑइलमध्ये ताकासारखा पांढरेपणा नाही, रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे नाहीत, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही.

मग एसी चालू केला, कारण एसीबरोबर पंखाही फिरायला हवा. ढिम्म. फ्यूज बघितला, ठीक. हॉर्नचा रिले काढून पंख्याच्या जागी लावला, कारण आमच्या गाडीत दोन्ही एकसारखेच. तरी ढिम्म. शेवटी बॅटरीवरून दोन वायरी थेट पंख्याच्या मोटरला दिल्या आणि तो भर्रकन फिरला! म्हणजे मोटरही ठणठणीत. मधली वायर तेवढी राहिली. मामांनी पंख्याचा प्लग सोडवून माझ्या तळहातावर ठेवला. आत हिरवा थर, जुन्या तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा.

"पाण्यात घातली होती?"

घातली होती. आदल्या जुलैत हिंदमाताला, बंपरपर्यंत. २६ जुलै २००५ नंतर मुंबईकरांना एवढं पाठ आहे की पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आमची बंद पडली नव्हती, म्हणून आपण सुटलो असं वाटलं होतं. पाणी प्लगमध्ये राहिलं आणि दहा महिने गंजवत बसलं. पंखा लहर आली तर फिरायचा, नाहीतर नाही.

नवा प्लग, अर्थच्या बोल्टवरचा गंज घासून साफ, नवं कूलंट. (मी वरून नळाचं पाणी ओतत होते, त्याबद्दल वेगळी बोलणी खाल्ली. नुसत्या पाण्याने आतून गंज चढतो आणि ते लवकर उकळतं.) फुगलेली रेडिएटरची नळी आणायला मला ऑपेरा हाउसजवळच्या स्पेअर पार्टच्या बाजारात पिटाळलं. पेट्रोलची रबरी नळीही बदलली, कारण आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा विचार करून ती बनवलेलीच नव्हती. सगळं मिळून बिल २,८५०.

वर्कशॉपवाल्यांना मी चोर म्हणणार नाही. मामाच म्हणाले, "अजून पंधरा दिवस अशीच चालवली असती, तर त्यांचं एस्टिमेट खरं झालं असतं." सारखं तापलं की अॅल्युमिनियमचं हेड वाकतं आणि गॅस्केट जातं. मग ३४ हजारही कमी पडले असते. पण रोग विचारायच्या आधी औषध लिहिलं, ही तक्रार राहतेच.

तेव्हापासून बाबा पुढच्या सीटवर डायरी घेऊन बसतात. एलफिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाल्यापासून टिळक ब्रिजवर गर्दी वाढली, तशी त्यांची नोंदही वाढली: "टिळक ब्रिजचा चढ, सेकंड गिअर, तिघं, एसी चालू. इंजिन ओरडतं, स्पीड वाढत नाही." मी ती मामांना फोनवर वाचून दाखवली.

"क्लच प्लेट," मामा म्हणाले. "साहेबांना सांगा, एसी बंद करून पण एकदा लिहा."