बिननावाची पेठ

जेथे कोणी कोणाचे नाव जाणत नाही, तेथे व्यापार चालू शकतो काय? अडतीच्या धंद्यात आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांस हा प्रश्न विलक्षण वाटेल. परंतु इंटरनेटवरील गुप्त पेठांनी तो प्रत्यक्ष उभा केला आहे.

सन २०११ मध्ये अमेरिकेतील रॉस उल्ब्रिक्ट या तरुणाने ‘सिल्क रोड’ नावाची अशी पेठ उघडली. ‘टॉर’ या यंत्रणेमुळे येणाऱ्याजाणाऱ्याचा ठावठिकाणा लपे. मोल बिटकॉइन या आभासी चलनात चुकते होई. विक्रीस मुख्यत्वे मादक द्रव्ये असत. माल निंद्य, घेणारा व विकणारा दोघेही टोपणनावाचे. तरीही विश्वासावाचून त्यांचे चालले नाही, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. माल पोचेपर्यंत रक्कम पेठेच्या चालकाकडे अनामत राही. ग्राहक विक्रेत्यास गुण देत, अभिप्राय लिहीत. विक्रेत्यांच्या बऱ्यावाईटाची चर्चा करण्यास वेगळा फलकही होता. नाव टाकता आले, पण पत टाकता आली नाही!

मात्र ही पत पोकळ ठरली. उल्ब्रिक्ट २०१३ साली पकडला गेला व २०१५ साली त्यास जन्मठेप झाली. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्यास माफी दिली. ‘इव्होल्यूशन’ या दुसऱ्या पेठेचे चालक मार्च २०१५ मध्ये लोकांच्या अनामत रकमांसह नाहीसे झाले. जुलै २०१७ मध्ये ‘अल्फाबे’ पेठ बंद पडताच तेथील मंडळी ‘हान्सा’कडे धावली; पण ती पेठ जूनपासूनच डच पोलीस गुप्तपणे चालवीत होते!

गुप्तता व्यापारास नवी नाही. उघड लिलाव रूढ होण्यापूर्वी धान्याचे भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरत. त्या ‘हत्ता’ पद्धतीत शेतकऱ्याची नाडवणूक होई; ती कायद्याने बंद झाली, हे योग्यच झाले. परंतु रुमालाखाली भाव लपे, माणूस लपत नसे. तक्रार नेण्यास पेढीचा उंबरठा तरी होता.

आज आमच्या घरांतील तरुण मंडळी अनोळखी टोपणनावांशी बोलतात, देवघेवही करतात. त्यांस दरडावून काही साधणार नाही. गुणांच्या आकड्यावर विसंबण्यापूर्वी एक प्रश्न विचारण्याची सवय मात्र त्यांस लावावी: व्यवहार फसला तर जाब देण्यास कोण उभा राहील? उत्तर न मिळाल्यास, भाव कितीही स्वस्त असो, सौदा करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.