यादी वाचा, नाही तर मत गेलेच समजा!

पारशिवनी तालुक्यातील शेतकरी बंधूंनो, बाजारात मिरचीचा भाव दहा ठिकाणी विचारता. मतदारयादीत आपले नाव आहे काय, हे कधी पाहिले? मताच्या दिवशी दंडेली झाली तर गाव ओरडते; यादीतून नाव खोडले तर कुत्रेही भुंकत नाही!

1919 साली डॉ. आंबेडकरांनी साउथबरो कमिटीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली. त्या वर्षीच्या कायद्याने मत दिले ते सारा व कर भरणाऱ्या मूठभरांना. घटनेने ते सर्वांस दिले. तरी 1951-52 च्या पहिल्याच निवडणुकीत सुमारे 28 लक्ष बाया यादीबाहेर राहिल्या. का, तर त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’ एवढेच सांगितले! 2025 साली बिहारात प्रारूप यादीतून सुमारे 65 लक्ष नावे गेली. ती कारणांसह जाहीर करा, असे सर्वोच्च न्यायालयाला 14 ऑगस्टला बजवावे लागले. मेलेल्यांची नावे खुशाल काढा. पण चार महिने मजुरीस गेलेला मेला काय?

जानेवारी 2025 मध्ये नागपूर जिल्हा परिषदेची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला. निवडलेल्याला जाब विचारता येतो. नेमलेल्याला कोण विचारणार?

म्हणून यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचा, बायांना पुढे बसवा. नाव नसेल तर नमुना 6 भरा. कोणी नमुना 7 भरून जिवंताचे नाव खोडू पाहील, तर त्याला सांगा: खोट्या निवेदनास एक वर्षापर्यंत कैद आहे. खोडलेच, तर जिल्हाधिकाऱ्याकडे अपील करा. आणि अर्जाची पोच घ्या. ‘होऊन जाईल’ यावर विसंबू नका.