श्वास मोजता येतो

मूल आजारी पडले की घरातल्या सगळ्यांचे हात त्याच्या कपाळाकडे जातात. ताप किती, हे शेजारणीलाही ठाऊक असते. श्वास किती, हे कुणीच पाहत नाही. न्यूमोनियाची चाहूल मात्र श्वासातच लागते.

गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८०च्या दशकाअखेर गावच्या आरोग्यसेवकांना व दायांना हे ओळखायला आणि औषध द्यायला शिकवले. आकडे न येणाऱ्या दायांसाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधन केले. तिथले न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी झाले. आपल्या भिंतीवर तर सेकंदकाटा फिरतच असतो!

मूल शांत असताना झबले वर करा आणि पूर्ण मिनिटभर छाती-पोट पाहा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास ४० किंवा अधिक, दोन महिने ते वर्षाच्या बाळाचे ५० किंवा अधिक भरले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ओवा, तेल, शेक नंतर.

श्वास घेताना फासळ्यांखालचा भाग आत ओढला जातो, मूल कण्हते, पाणीही पीत नाही, ग्लानीत आहे, ओठ निळसर दिसतात, यांतले एकही दिसले तर मोजत बसू नका. रात्र असली तरी निघा.

धाप लागलेले मूल एकाएकी निपचित पडले, श्वास मंदावला, तर ‘आता उतार पडला’ म्हणून पांघरूण घालू नका. ते दमून गेलेले असू शकते. लगेच १०८ फिरवा.