अ‍ॅप खेळाडूंचं, पण विचारलं कुणाला?

धान कापून झालं आणि बांध्या रिकाम्या झाल्या, की गोंदिया जिल्ह्यात फ्लेक्स लागायला सुरुवात होते. ‘भव्य टेनिस बॉल क्रिकेट सामने’, ‘रात्रकालीन कबड्डी सामने’. खाली बक्षिसाची रक्कम, प्रवेश फी आणि पाहुण्यांचे फोटो. गेल्या काही वर्षांत क्रिकेटच्या सामन्यांत एक नवा माणूस दिसायला लागलाय. मांडवात खुर्ची टाकून बसलेला, हातात मोबाइल, शेजारी पॉवर बँक, आणि प्रत्येक बॉलला स्क्रीनवर बोट मारणारा. पूर्वी वहीत रेघा ओढणारा स्कोअरर तोच, फक्त वही गेली. अहमदाबादच्या क्रिकहिरोजसारख्या अ‍ॅप्समुळे गल्लीतल्या पोराच्याही नावावर स्कोअरकार्ड जमा व्हायला लागलं. गावातली मॅच पुण्यात कामाला गेलेला भाऊ फोनवर बघतो, ही गंमत छोटी नाही.

अशा कुठल्याही अ‍ॅपवर एक चौकट कधी ना कधी येतेच. ‘अ‍ॅप आवडलं का? पाच तारे द्या.’ शेवटची ओव्हर चालू आहे, सात रन हवेत, दोन्हीकडची पोरं आरडाओरडा करतायत आणि फोन विचारतोय की आवडलं का. स्कोअरर ‘नंतर’वर बोट मारतो. हे ‘नंतर’ कधीच येत नाही. खेळाडूंचं मत घ्यायची आजची पद्धत बऱ्याचदा एवढ्यावरच संपते.

हा विषय आत्ताच का? कारण खेळाच्या अ‍ॅप्सचा धंदा सध्या कूस बदलतोय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर, त्यांच्या जाहिरातींवर बंदी आली. ड्रीम इलेव्हननं पैशांच्या स्पर्धा थांबवल्या, टीम इंडियाच्या जर्सीवरून नावही गेलं. ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे सोशल गेम्स यांना मात्र कायद्यानं जागा ठेवली. त्यामुळे यापुढे खेळाच्या नावावर जे नवं येईल ते ‘सोशल’ असेल, असा माझा अंदाज आहे. जोडीदार शोधा, मैदान शोधा, स्कोअर शेअर करा, प्रोफाइल बनवा. आणि अशा अ‍ॅपमध्ये माल कोण असतो, तर तुम्ही आम्हीच. खेळाडू आलेच नाहीत तर दाखवायला काहीच नाही.

हे नीट समजायला एक लांबचं उदाहरण घेऊ. डिस्क गोल्फ. आपल्याकडे फार कुणी ऐकलेला नाही हा खेळ. गोल्फसारखाच, पण काठी आणि चेंडूच्या जागी हातानं फेकायची तबकडी, आणि खड्ड्याच्या जागी खांबावर साखळ्या लटकवलेली टोपली. कमीत कमी फेकींत तबकडी टोपलीत टाकायची. कॅलिफोर्नियातल्या एका पार्कमध्ये १९७५ साली पहिला कायमचा कोर्स उभा राहिला. फ्रिस्बीच्या रचनेवर काम केलेल्या एड हेड्रिक यांचं नाव या खेळाचे जनक म्हणून घेतलं जातं. गवताचं महागडं मैदान लागत नाही, झाडं तर हवीच असतात. (नवेगाव-नागझिऱ्याच्या जिल्ह्यात झाडांची काय कमी, पण ते असो.)

या खेळाचं यूडिस्क नावाचं अ‍ॅप जगभर चालतं. त्यात स्कोअर ठेवता येतो, कोर्स शोधता येतो, खेळून झाल्यावर कोर्सला रेटिंग देता येतं. त्याची गोम अशी आहे की झाड पडलं, टोपली हलवली, वाट बदलली, तर ते कंपनीच्या ऑफिसात बसून कुणालाच कळणार नाही. तिथं खेळणाऱ्यालाच कळेल. म्हणून कोर्सची माहिती ताजी ठेवायचं काम त्या-त्या ठिकाणचे स्वयंसेवक खेळाडू करतात. म्हणजे खेळाडूचं मत ही तिथं शेवटी लावायची शोभेची गोष्ट नाही, त्याच्याशिवाय अ‍ॅपमधला नकाशाच खोटा पडतो.

गोंदियातल्या गावच्या सामन्यांचंही असंच आहे. मैदान म्हणजे कुणाची तरी बांधी, ते दरवर्षी तिथंच असेल याची खात्री नाही. लेग साइडला विहीर असेल तर तिकडे गेला की दोनच रन, असा नियम मॅच सुरू होताना ठरतो. आणि नावांचं काय सांगावं! एकाच संघात चार पटले, तीन बिसेन आणि दोन कटरे असणं इथं नवलाचं नाही. त्यातल्या दोघांचं पहिलं नावही सारखं असेल तर गाव त्यांना टोपणनावानं ओळखतं, अ‍ॅप ओळखत नाही. स्कोअररनं घाईत चुकीच्या नावावर बोट मारलं की एकाच्या पन्नास रन दुसऱ्याच्या खात्यात. शहरात बसून अ‍ॅप बनवणाऱ्याला हा प्रश्न सुचणारच नाही, त्याला तो कुणीतरी सांगावा लागेल. २०२४ पासून इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगसारखी टेनिस बॉलची व्यावसायिक स्पर्धा सुरू झालीय, तिच्या निवडीची सुरुवात ऑनलाइन नोंदणीनं होते. टेनिस बॉलवर पुढं जायचं स्वप्न बघणाऱ्या पोराला फोनवरची आकडेवारी आता शोभेची वाटत नाही. ती चुकली तर त्याला फरक पडतो.

मग अ‍ॅप बनवणारे विचारतात कुणाला?

आपल्यापैकी कुणी उद्या अ‍ॅप बनवलं तर काय होईल ते बघा. गुगल प्ले स्टोअरवर डेव्हलपर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना एक अट आहे. अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी ठराविक टेस्टर्सनी ते सलग १४ दिवस चाचणीत ठेवलं पाहिजे. आधी हा आकडा २० होता, डिसेंबर २०२४ मध्ये १२ वर आला. चाचणीत काय कळलं, कुणी काय सांगितलं, हेही गुगल अर्जात विचारतं. नियमामागचा हेतू चांगला आहे, कचरा अ‍ॅप्स कमी व्हावीत. प्रत्यक्षात काय झालं? ‘तू माझं टेस्ट कर, मी तुझं करतो’ असे ग्रुप निघाले. पैसे घेऊन टेस्टर पुरवणारेही आले. म्हणजे खेळाडूचं मत घ्यायची अट होती, तिची हजेरीपटावरची सही झाली. कॉलेजात प्रॉक्सी लावणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

अगदी प्रामाणिकपणे करायचं म्हटलं तरी ते १२ कोण असतील? वर्गातले मित्र, रूम पार्टनर, फार तर एक चुलतभाऊ. सगळ्यांकडे बरा फोन, सगळे शहरात रेंजमध्ये, सगळे जवळपास एकाच वयाचे. ते म्हणणार, ‘भारी आहे भावा.’ सालेकसा किंवा देवरीच्या आतल्या गावात रेंज गेल्यावर अर्धवट भरलेला स्कोअर राहतो की उडतो, हे त्यातला एकही सांगू शकणार नाही. स्कोअररला उन्हात स्क्रीन दिसते का, घरात एकच फोन असेल तर दोन भावांची प्रोफाइल कशी सांभाळायची, घरी गोंडी किंवा पोवारी बोलणाऱ्याला बटणावरची इंग्रजी कळते का, हे प्रश्न त्या १२ जणांच्या यादीबाहेर राहतात.

प्ले स्टोअरच्या रिव्ह्यूंवर विसंबलो तरी चित्र फारसं बदलत नाही. तिथं लिहितात ते एकतर खूप खूश झालेले किंवा खूप भडकलेले. मधले गप्प असतात. आणि ज्यांनी कंटाळून अ‍ॅप काढून टाकलं त्यांच्याकडे तर पाच ताऱ्यांची चौकट पोचतच नाही. उरलेत त्यांनाच ‘आवडलं का’ विचारलं, तर उत्तर चांगलंच येणार.

झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांना हे फार आधीपासून कळतं. दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत वडश्याच्या कंपन्या गावोगाव रात्रभर नाटकं करतात. प्रेक्षक शिट्टी मारतो, गाण्याला ‘वन्स मोअर’ देतो. पण रंगमंचावरच्या माणसाचं लक्ष दुसऱ्याही गोष्टीकडे असतं. कुठल्या प्रवेशाला लोक उठून चहाला जातात? टाळ्यांवरून जेवढं कळतं तेवढंच रिकाम्या झालेल्या जागेवरून कळतं. अ‍ॅपलाही कोण उठून गेलं ते दिसतं, किती जणांनी काढून टाकलं याचे आकडे असतात. का गेले ते मात्र आकड्यात नसतं. त्यासाठी चहाच्या टपरीपर्यंत जावं लागतं.

आणि उठून गेलेल्यांत मुली किती, हे कुणी वेगळं बघतं का? माझ्या मते सगळ्यात मोठी गफलत इथं होते. ‘जवळचे खेळाडू शोधा’ ही सोय मुलाला मस्त वाटते. सकाळी क्रीडा संकुलात पळायला जाणाऱ्या मुलीसाठी तीच सोय म्हणजे ती कुठं, किती वाजता आणि कुणाशिवाय असते याची जाहिरात. २०१७ मध्ये स्ट्रावा या धावण्याच्या अ‍ॅपनं लोकांच्या पळण्याच्या मार्गांचा जगाचा नकाशा टाकला, तेव्हा लष्करी तळांवरच्या वाटासुद्धा त्यात उजळून दिसल्या. सैन्याला जर हे आधी लक्षात आलं नाही, तर अकरावीतल्या कबड्डीपटूला कोण सांगणार? अनोळखी मेसेज आले की ती तक्रार लिहीत बसत नाही. घरी कळलं तर खेळणंच बंद होईल, म्हणून ती गुपचूप अ‍ॅप काढून टाकते. कंपनीच्या हिशेबात एक युजर कमी, कारण माहीत नाही.

कायदा इथं थोडा मदतीला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य बंधनं लागू व्हायला त्यापुढं १८ महिन्यांची मुदत दिलीय. या कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरला जातो. त्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि त्याच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवता येणार नाहीत. गावच्या संघांत दहावी-बारावीची पोरं सर्रास असतात. फीडबॅकचा फॉर्म हीसुद्धा माहिती गोळा करणंच आहे, हे पुष्कळांच्या डोक्यात येत नाही. ‘तुमचं मत सांगा’ म्हणत नाव, मोबाइल नंबर, गाव, जन्मतारीख विचारणारा गुगल फॉर्म आपण कॉलेजच्या ग्रुपवर डोळे झाकून भरतो. मत द्यायला जन्मतारीख कशाला लागते, हे विचारायला हरकत नाही.

न ऐकण्याची किंमत मोठ्यांनीही मोजलीय. स्पीकर बनवणाऱ्या सोनोस या अमेरिकी कंपनीनं मे २०२४ मध्ये अ‍ॅप नव्यानं आणलं, त्यात लोकांच्या रोजच्या वापरातल्या सोयी गायब होत्या. ग्राहक भडकले आणि जानेवारी २०२५ मध्ये कंपनीच्या प्रमुखाला पायउतार व्हावं लागलं. आपल्याकडे पुण्याच्या सुपरगेमिंगनं ‘इंडस’ हा गेम ऑक्टोबर २०२४ मध्ये खुला केला, पण त्याआधी बराच काळ तो थोड्या-थोड्या खेळाडूंच्या हातात देऊन बघितला. गेम आवडणं न आवडणं वेगळं, आधी खेळायला देऊन मग बदल करायची पद्धत मला पटते.

गोंदियासारख्या ठिकाणी ही पद्धत स्वस्तात होऊ शकते. ‘आवडलं का’ असं विचारायचंच नाही. समोरचा घरी आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं ‘छान आहे’ म्हणतो आणि विषय संपतो. त्याऐवजी ‘मागच्या मॅचला कुठं अडकलात, दाखवा’ म्हणायचं आणि गप्प बसून त्याचं बोट कुठं थांबतं ते बघायचं. स्कोअररला आधी गाठायचं, कारण अ‍ॅप सगळ्यात जास्त तोच वापरतो आणि त्याला कुणीच विचारत नाही. मुलींच्या संघाशी बोलायला मुलगीच गेली पाहिजे. जिल्ह्यातली बहुतेक कॉलेजं नागपूर विद्यापीठाशी जोडलेली आहेत, आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना संघ एकत्र येतात. मॅच संपल्यावर बस येईपर्यंत तासभर सगळे बसूनच असतात. नाव-नंबर न घेताही हे सगळं होतं, वहीत लिहून.

त्यानंतरचं काम जास्त अवघड आहे, ते म्हणजे परत जाऊन सांगणं. अपडेट आलं की खाली एकच ओळ असते, ‘बग दुरुस्त केले, वेग वाढवला.’ कुणाच्या सांगण्यावरून काय बदललं ते कधी कळत नाही. ‘सारख्या नावाच्या खेळाडूंपुढं आता टोपणनाव लिहिता येईल, ही सूचना आमगावच्या स्कोअररची’ असं एकदा लिहून बघा. पुढच्या वेळी आमगावातून दहा सूचना येतील, त्यातल्या सात बिनकामाच्या असतील. चालेल.

यंदाच्या हंगामात कुणाला करून बघायचं असेल तर वेळ मात्र थोडा आहे. इटियाडोहच्या पाण्यावर उन्हाळी धानाची रोवणी सुरू झाली की अर्जुनी मोरगावकडच्या बऱ्याच बांध्यांमधली मैदानं चिखलाखाली जातात, आणि कॉलेजात तोवर परीक्षेचे फॉर्म निघालेले असतात.