विमानाला वाट दाखवणारे इंजिनिअर

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. अकोलेकर अजून शिवणीच्या धावपट्टीकडे डोळे लावून आहेत. विमान म्हटले की मुलांना पायलट आठवतो. त्या पायलटला वाट दाखवणारी यंत्रणा कोण घडवतो, हे मात्र घरात क्वचितच बोलले जाते.

किब्ल्याची दिशा सांगणारे मोबाईल अॅप ज्या उपग्रहांवरून आपली जागा ओळखते, त्यांच्याच आधारे विमानही जागा ओळखते. हे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर असतात. त्यामुळे सिग्नल क्षीण होऊन पोहोचतो आणि वातावरणाच्या वरच्या थरांतून येताना त्यात चुका शिरतात. त्या चुका दुरुस्त करण्यासाठी इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने ‘गगन’ यंत्रणा उभारली. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगडला इंडिगोचे विमान तिच्या मार्गदर्शनाने उतरले. महागडी यंत्रे बसवणे न परवडणाऱ्या छोट्या विमानतळांना ही मोठी सोय आहे.

पण क्षीण सिग्नल दाबता येतो, खोटा सिग्नलही पाठवता येतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीजवळ काही विमानांना असे खोटे सिग्नल मिळाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. खोटा सिग्नल ओळखणे, विमानातील इतर उपकरणांशी तो ताडून पाहणे आणि ‘यावर भरवसा ठेवू नका’ असा इशारा काही सेकंदांत देणे, हे संशोधक इंजिनिअरचे काम. शेकडो जिवांची ही अमानत आहे.

वाट अशी: बारावी विज्ञान, गणित आणि भौतिकशास्त्र पक्के. मग सीईटीतून इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन शाखा. त्यासाठी अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शेगावचे संत गजानन महाराज महाविद्यालयही आहे. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून ‘गेट’ परीक्षा देता येते. तिच्या गुणांवर एम.टेक.ला प्रवेश आणि दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळू शकते. विमानतळ प्राधिकरणानेही इलेक्ट्रॉनिक्सची पदे गेटच्या गुणांवर भरली आहेत.

पालकांनो, सगळे कॉम्प्युटरकडे धावतात म्हणून मुलांना तिकडेच ढकलू नका. मुलगी गणितात हुशार असेल तर तिला थांबवू नका. गेटची फीही मुलींना निम्मीच असते. घरातल्या दहावी-बारावीच्या मुलांना हे पान आजच वाचायला द्या.