जॅकेटला गुण द्या, पण पावसात

तोआ पायोह या नावातच पाणी आहे. होक्किएनमधला ‘तोआ’ म्हणजे मोठा आणि मलयमधला ‘पाया’ म्हणजे दलदल. १९६० च्या दशकात सिंगापूरच्या गृहनिर्माण मंडळाने या दलदलीवर उपनगर वसवले. १९७३ च्या दक्षिण-पूर्व आशियाई द्वीपकल्पीय स्पर्धांसाठी आलेले खेळाडू इथल्याच नव्या सदनिकांत उतरले होते. मॅकरिची जलाशयाभोवतीची जंगलवाट इथून जवळच आहे. दुपारी पारा ३१-३२ अंशांवर, हवेत वर्षभर दमटपणा आणि पाऊस कधी कोसळेल याचा नेम नाही.

मैदानी कपडे शिवायला शिकणाऱ्या विद्यार्थ्याला याहून चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार?

तरीही असा विद्यार्थी बहुतेक वेळा आल्प्ससाठी बेतलेल्या जॅकेटचीच नक्कल करू लागतो. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉनची कांडी झटक्यात ताणली आणि सूक्ष्म छिद्रांचा पडदा हाती लागला. पाण्याचा थेंब त्यातून आत शिरत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर पडते. पण वाफ बाहेर पडते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. बर्फाळ डोंगरात हा फरक मोठा असतो. तोआ पायोहच्या किंवा जुलैतल्या चिपळूणच्या हवेत तो फारच कमी उरतो. मग महागडे जॅकेट घालूनही माणूस आतून भिजतोच.

अशा हवेत कापडापेक्षा बेतणी जास्त कामाला येते. कोकणात भातलावणी करताना डोक्या-पाठीवर घेत ते इरले आठवा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पानांचा थर. ते अंगाला चिकटत नाही, त्यामुळे खालून वारा खेळतो आणि वाकलेल्या माणसाचे दोन्ही हात मोकळे राहतात. जुन्या सदऱ्याच्या काखेत शिंपी चौबगला बसवत. त्यामुळे हात वर केला तरी सदरा वर ओढला जात नसे. गिर्यारोहणाच्या जॅकेटांत आज हीच युक्ती दिसते. ही विद्या आपल्या घरातलीच आहे, म्हणून अभ्यासक्रमात तिला मानाने जागा मिळायला हवी.

बाकीचे शिक्षण शिलाई यंत्रावर होते. सुईचा प्रत्येक टाका म्हणजे जलरोधक कापडाला पडलेले एक भोक. म्हणून शिवण खांद्याच्या माथ्यावरून हलवायची आणि आतून पट्टी चिकटवून ती बंद करायची. सुती धागा प्रमाणित हवेत वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, तर पॉलिएस्टर अवघा ०.४ टक्का. हा आकडा पाठ करण्यापेक्षा दोन्ही सदरे घालून तासभर धावावे आणि आधी-नंतर तराजूवर ठेवावेत. फरक आपोआप कळतो.

हा विषय हौशी ट्रेकरपुरता नाही. ऑक्टोबर २०२३ पासून सिंगापूरने उघड्यावर कष्टाची कामे करणाऱ्यांसाठी नियम केला आहे. ऊन, वारा आणि दमटपणा एकत्र मोजणारा निर्देशांक ३२ अंशांवर गेला, की त्यांना दर तासाला किमान १० मिनिटे विश्रांती द्यावी लागते. बांधकाम मजूर, घरोघरी जेवण पोचवणारी मुले, मुंबईचे सफाई कामगार यांच्या अंगावरचे कपडे कोण बेतणार?

महाराष्ट्रात हे शिकवण्याची सोय आहे. इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेत वस्त्र-अभियांत्रिकी शिकवली जाते, खारघरला निफ्ट आहे आणि ठाण्यात लोकर संशोधन संस्था आहे. उणीव आहे ती परीक्षेच्या पद्धतीत. आज विद्यार्थ्याचे काम रॅम्पवर किंवा संगणकाच्या पडद्यावर जोखले जाते. त्याऐवजी त्याने स्वतः शिवलेला रेनकोट घालून जुलैत दिवसभर लावणीला उभे राहावे. परीक्षकाने संध्याकाळी कोट उलटा करून शिवणी तपासाव्यात आणि गुण देण्याआधी शेजारी लावणी करणाऱ्या बाईलाही तो कोट घालून पाहायला द्यावा.