काटकसर करा, पण पोट मारून नव्हे!

ब्रिटनला शिकायला निघालेल्या पोराला निरोप देताना आपली वडीलधारी माणसे हमखास सांगतात, "बाबासाहेब अर्धपोटी राहून शिकले, तूही तसाच राहा." भावना खरी आहे, पण शिकवण अर्धवट आहे.

१९२० साली बाबासाहेब लंडनला परत गेले ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडचे कर्ज घेऊन. त्यांनी पोटाला चिमटा घेतला तो नाइलाजाने. ती पाळी पुढच्या पिढीवर येऊ नये म्हणून तर सारा लढा होता! मग उपासमारीला आदर्श कशासाठी बनवायचे?

आज राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीवर आपली मुले ब्रिटनमध्ये शिकतात. पैसे कमी पडले की पहिली कात्री जेवणाला लागते. रोजंदारीवर जाणाऱ्या आईला कोणत्या तोंडाने सांगायचे?

म्हणून जेवण तोडण्याआधी हक्क वाचा. घरातील सर्वजण पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर त्या घराला कौन्सिल टॅक्स माफ असतो. विद्यापीठाचा दाखला तेवढा द्यावा लागतो. २०१९ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये घर देणाऱ्या एजंटला भाडेकरूकडून दलाली उकळता येत नाही आणि अनामत रक्कम सहसा पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. घरमालक त्याच घरात राहत नसेल, तर ती रक्कम त्याने ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवायची असते. व्हिसासोबत विद्यार्थी आरोग्य अधिभार भरतो. २०२४ पासून तो वर्षाला ७७६ पौंड आहे. पैसे भरलेत ना? मग पोहोचताच डॉक्टरकडे नाव नोंदवा, तपासणीचे वेगळे पैसे लागत नाहीत. दुखणे अंगावर काढण्यात कसली बचत?

बाकी रोजची बचत आहेच. तांदूळ-डाळीची मोठी पिशवी चौघांत मिळून घ्यावी. संध्याकाळी सुपरमार्केटात पिवळी चिठ्ठी लावून उतरत्या किमतीला ठेवलेला माल पाहावा. लंडनमध्ये बसचे भाडे एकदा भरले की तासाभरात दुसरी बस पकडायला पुन्हा पैसे पडत नाहीत. हे माहीत नसलेला मुलगा थंडीपावसात पायपीट करतो.

प्रश्न अकलेचा नाही, माहितीचा आहे. प्रस्थापितांच्या पोराला हे सारे तिथला काका-मामा विमानतळावरच सांगतो. आपला पोरगा घरातला पहिलाच परदेशी जाणारा. त्याचा तिथे काका कुठला?

तो काका चळवळीने व्हायला हवे. ब्रिटनमध्ये स्थिरावलेल्या समाजबांधवांनी नव्या मुलांना पहिला महिनाभर हात द्यावा. इथे विहाराविहारांतून निघण्यापूर्वी एक दिवसाचे शिबिर घ्यावे. निरोपाच्या हारतुऱ्यांपेक्षा ही शिदोरी त्यांना जास्त पुरेल. भुकेल्या पोटी शिकणे हा आपला इतिहास आहे. तो आपल्या मुलांचा वारसा होता कामा नये.